पिंगाणीतलं गलबत

एडनच्या छावणीत सहा वर्षं काढून महिपत हवालदार पेन्शनीवर कल्याणला परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून निघालं ते एक लांब दांड्याचं, बुडाशी फुगीर आणि गळ्याशी आवळलेलं तांब्याचं भांडं, आणि गवतात गुंडाळलेल्या चिनीमातीच्या सहा पिंगाण्या, म्हणजे बिनकानाचे पेले. पिंगाणी एवढीशी, की बायजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कुटुंबाने, ती चिमटीत धरून विचारलं, "हा बाहुलीचा संसार कुणासाठी आणलात?"

"कहव्यासाठी," हवालदार म्हणाले.

तुर्की कहवा त्यांना एडनच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या तुर्काने शिकवला होता. बुंद, म्हणजे कॉफीचे दाणे, लोखंडी तव्यावर काळसर होईतो भाजायचे आणि खलबत्त्यात कुटायचे ते गुलालासारखे मऊ होईतो. मग त्या भांड्यात पाणी, खडीसाखर आणि ती पूड घालून भांडं निखाऱ्याच्या कडेला ठेवायचं, मधोमध नाही. फेस वर आला की उचलायचं, बसला की ठेवायचं. असं तीनदा. गाळायचं बिलकूल नाही. पिंगाणीत ओतलं की पूड आपली आपण खाली बसते, वरचं प्यायचं, तळाचं सोडायचं. आणि प्यायल्यावर पिंगाणी बशीवर पालथी घालून गार होऊ द्यायची. सुलटी केली की आत गाळाच्या रेघोट्या उमटलेल्या असतात. त्यात तो तुर्क कुणाला उंट दाखवी, कुणाला नवरी दाखवी, आणि मग स्वतःच पोट धरून हसे.

कल्याणात आल्यावर हवालदारांचे महिपतबुवा झाले. लहानपणी त्यांनी एका थोर हरिदासांच्या मागे उभं राहून सात वर्षं झांजा वाजवल्या होत्या; पलटणीतही बराकीत भजन चुकलं नव्हतं. आता खाडीवरच्या मारुतीच्या देवळात ते स्वतः उभे राहू लागले. पहाडी आवाज, ताठ पाठ, आणि आख्यानात लढाई आली की ऐकणाऱ्यांनी मांडी आवळून घ्यावी अशी वाणी. लोकांना त्यांचं कीर्तन आवडे आणि कीर्तनानंतर त्यांच्या ओटीवरचा कहवाही आवडे. फक्त त्याला सगळे 'बुवांचा काढा' म्हणत.

ओटीवर रोजचे दोघे-चौघे ठरलेले. त्यातले अण्णा म्हणजे पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. ब्राह्मण माणूस, मराठ्याच्या घरचं पाणी कसं घेणार? ते भिंतीला टेकून बसत आणि नुसता वास घेत.

"अण्णा, वासाने धर्म बुडत नाही ना?" बुवा विचारत.

"नाकाला सोवळं-ओवळं नाही," अण्णा म्हणत, "आणखी थोडं उकळू दे. मघाशी मजा येत होती."

पिंगाण्या पालथ्या पडल्या की खरा खेळ सुरू होई. बुवा एकेक पिंगाणी उलटून बघत आणि कीर्तनातल्यासारखा हात उंचावून सांगत, "या गृहस्थाच्या गाळात एक म्हैस दिसते. म्हैस दारात उभी आहे. दूध देत नाही, पण हलतही नाही. याचा अर्थ, सासू यायची आहे!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. बुवांना एका ओवीतून अर्ध्या रात्रीचा अर्थ काढायची सवय. गाळातून म्हैस काढणं त्यांना काय जड?

त्यांच्या गुरूंनी त्यांना एकच गोष्ट दरडावून सांगितली होती. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो. "त्या घडीपासून तू महिपत नाहीस," गुरू म्हणाले होते. "नारदाच्या गादीवर उभा आहेस. लोक पाया पडतील ते तुझ्या नव्हे. हार देवाच्या पायांशी उतरेतो तोंडातून फालतू शब्द काढायचा नाही." बुवांनी ते बारा वर्षं पाळलं. त्या चैत्री पुनवेला मात्र चुकलं.

हनुमानजयंतीचं कीर्तन पहाटेचं. सूर्य उगवायच्या क्षणी जन्म झाला पाहिजे. बुवांनी त्या दिवशी उत्तररंगाला मारुतीरायाचं समुद्रउड्डाण लावलं होतं. सीतामाई अशोकवनात बसली आहे, पलीकडे अथांग पाणी, त्या पाण्यापलीकडची बातमी कोणी आणायची? बुवा बोलत होते आणि खाडीवरचा वारा देवळात येत होता. बायकांच्या बाजूने हुंदका आला. जन्म झाला, सुंठवडा वाटला, आरती झाली, आणि पाया पडणाऱ्यांची अशी रीघ लागली, की लोक बुवांना घेऊनच ओटीपर्यंत आले. हार गळ्यातच राहिला.

भांडं निखाऱ्यावर चढलं. सकाळचं कोवळं ऊन ओटीवर येत होतं. त्या दिवशी बुवांचं मन भरून आलं होतं, हात सैल सुटला होता. आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनी पिंगाणी दिली. पाया पडायला आलेल्यांत सगुणा होती.

सगुणा खाडीकाठच्या आगरी पाड्यातली. तिचं आयुष्य मिठागरात गेलेलं. टाचा मिठाने चिरलेल्या. तिचा एकुलता एक मुलगा काळुराम गलबतावर खलाशी होता. चार वर्षांपूर्वी नारळी पुनवेनंतर मीठ भरून गलबत मलबारला निघालं ते आलंच नाही. उरणच्या एका गलबताच्या माणसांनी वाटेत वादळानंतर तुटकी डोलकाठी आणि तरंगणाऱ्या फळ्या पाहिल्या होत्या. घरात सगुणा आणि तिची सून मालन, दोघीच. हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं, बुवांनाही होतं.

"घे सगुणे, तूही घे," बुवा म्हणाले.

तिने एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "बया! यापक्षी लिंबाचा पाला बरा." सगळे हसले. पण तिने पिंगाणी संपवली आणि इतरांचं बघून बशीवर पालथी घातली. मग ती दोन्ही हातांनी बुवांपुढे धरली. "माजं पन बगा, बुवा."

बुवांनी पिंगाणी उलटली. आत काळ्या गाळाचा एक ओघळ, त्याच्यावर एक तिरपी रेघ. दुसरं काही नव्हतं. त्यांनी मान वर केली तर समोर तो सुरकुतलेला चेहरा, आणि डोळ्यांत अशोकवन अजून तसंच. तिला म्हैस दाखवावी असं बुवांना वाटेना. काहीतरी गोड द्यावं असं वाटलं, सुंठवड्याची चिमूट द्यावी तसं.

"गलबत दिसतंय, सगुणे," ते म्हणाले, आणि सवयीने हात उंचावला. "हे बघ शीड. शिडात वारा भरलाय. आणि तोंड... तोंड घराकडे आहे!"

"वा, वा!" कोणीतरी म्हणालं.

सगुणेने पिंगाणी घेतली नाही. तिने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते बराच वेळ उचललं नाही. बुवा पुढच्या पिंगाणीकडे वळले. त्यात त्यांना कोंबडा दिसला.

* * *

चौथ्या दिवशी दुपारी मालन मागच्या दाराने आली. डोक्यावरचा हंडा तिने अंगणात उतरवला, तो रिकामाच होता. पाण्याला म्हणून निघून ती आली होती.

"बायजाकाकी, बुवा हाईत का?"

बुवा ओटीवर वीणेची तार लावत होते. मालन आत न येता चौकटीशी उभी राहिली. बाविशीची पोर, पण बोलायला भ्यायची नाही.

"बुवा, माज्या सासूला तुमी कं दाखवलात?"

"काय दाखवलं?"

"पिंगानीन. गलबत दाखवलात नं?"

बुवा हसले. "अगं, ती गंमत. सगळ्यांनाच काही ना काही दाखवतो मी."

"तुमची गंमत झाली," मालन म्हणाली, "माजा पाट मोडला."

बायजाबाई चुलीपासून उठून आल्या. मालनने सांगितलं ते असं. काळुराम गेल्यावर तिने चार वर्षं सासूला सोडलं नाही. मिठागरात दोघी जोडीने राबल्या. राघो म्हणून शीळ गावचा एक माणूस कल्याणच्या ठेसनात सांधेवाला होता, गाडीचे रूळ बदलायचं काम करणारा. बायको वारलेली, पोरबाळ नाही. त्याने मालनला पाटाबद्दल, म्हणजे पुनर्विवाहाबद्दल, विचारलं. जातीतले पंच बसले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायचा रिवाज आहे; पण फुटलेलं गलबत लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा थांबायचं कारण नाही, असं पंचांनी ठरवलं. चैत्री अवसेला काळुरामचा पळसाच्या पानांचा पुतळा करून तो खाडीकाठी जाळायचा, क्रिया करायची, आणि मग अक्षयतृतीयेनंतर पाट. हे सगळं सगुणेनेच मान्य केलं होतं. रडली, पण मान हलवली. राघोने आणलेलं लुगडंही तिनेच सुनेच्या हातात दिलं होतं.

"पुनवेला तुमच्याकडशी आली," मालन म्हणाली, "नं तेच लुगडं उचलून राघोच्या आंगनान टाकून आली. म्हनते, नारदानं सांगलंय, कालू येतोय. जित्या मानसाचा पुतला जालाचा नाय. बारा वर्सं पुरी कराची. बुवा, अजून आठ राह्यली. तेवां मी तिशीची होईन. नं राघो काय आठ वर्सं रुलावर उभा राहनारे?"

बुवांनी वीणा खाली ठेवली.

"मी चार वर्सं कुंकू लावते," मालन खालच्या आवाजात म्हणाली. "कोनाचं लावते ते मना ठाव नाय. आयला तरी मी दारान उभी र्‍हाईन, नाय आयला तरी कुटंतरी उभं र्‍हायाला पायजे नं? तुमी दिलात, तुमीच परत घ्या."

ती गेल्यावर बायजाबाईंनी फळीवरच्या सहाही पिंगाण्या उतरवल्या, गवतात गुंडाळल्या आणि ट्रंकेत टाकून कडी घातली.

* * *

बुवा त्याच संध्याकाळी आगरी पाड्यात गेले. सगुणा दारात जाळं विणत बसली होती. त्यांना बघून ती उठली, पाट मांडला.

"सगुणे, मी पाटावर बसायला नाही आलो," बुवा म्हणाले. "मी चुकलो ते सांगायला आलो. त्या दिवशी पिंगाणीत काही नव्हतं. गाळ होता. मी गंमत केली."

सगुणा विणत राहिली. "नाय बुवा. तुमी गलबत सांगलात."

"सांगितलं, पण ते खोटं होतं."

"तवा तुमच्या गल्यान हार व्हता."

"होता. तीच चूक झाली."

"मंग?" ती म्हणाली. जणू शाळेतलं पोर अडलं आणि तिने उत्तर पुढे केलं. "मना सांगलं ते नारदानं. आता तुमी उघड्या गल्यानं आयलाव. आता तुमी महिपत हवालदार. हवालदाराचं आयकून मी नारदाला खोटा पाडू?"

बारा वर्षं बुवांनीच या लोकांना शिकवलं होतं, की हार पडला की हा माणूस राहत नाही. सगुणेने ते मनापासून ऐकलं होतं. इतक्या लोकांत एक तीच नीट ऐकत होती.

परतताना ते अण्णांच्या घरी थांबले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, पंच्याची गाठ मारली आणि म्हणाले, "यात कठीण काय? पुन्हा हार घाल. पुन्हा कहवा कर. पुन्हा तिची पिंगाणी बघ, आणि सांग, गलबत होतं, पण आता बुडालेलं दिसतंय. काट्याने काटा निघेल, पोरीचं भलं होईल."

"म्हणजे गादीवरून दुसरं खोटं?"

"भल्यासाठी."

"पहिलंसुद्धा भल्यासाठीच होतं, अण्णा."

अण्णांनी पंच्याची गाठ सोडली. म्हणाले, "मग एकच उरतं. हार घालून, सगळ्यांपुढे, आपण खोटं बोललो म्हणायचं. पण विचार करून ठेव, महिपत. गादीवरचा शब्द एकदा खोटा निघतो म्हटलंस, तर उद्या तू ध्रुवाला अढळपद दिलंस म्हणून कोण डोळे पुसेल? तुला बारा वर्षं लागली हे उभं करायला. एका दुपारी जाईल."

"जाईल," बुवा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी जेवण नको म्हटलं. त्यांना कीर्तनाखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसऱ्या कशावर त्यांचं प्रेमही नव्हतं. चिपळ्या हातात घेतल्या की एडनच्या तापाने गेलेले सोबती, न झालेली मुलं, सगळं दुःख कुठेतरी ठिकाणी लागे. आता ते जाणार होतं. पण मालनचा रिकामा हंडा डोळ्यांपुढून हलेना.

* * *

वद्य एकादशीला दुपारी देऊळ भरलं. बायकांच्या बाजूला पुढेच सगुणा, तिच्यामागे मालन. राघो बाहेर पिंपळाच्या पाराशी उन्हात उभा, आत यायला संकोचून. अण्णा नेहमीच्या खांबाला टेकलेले.

बुवांनी पूर्वरंग केला. आवाज लागत होता, पण लांबवला नाही. नामाचा गजर झाला. पुजाऱ्याने बुक्का लावला, हार गळ्यात घातला. लोक सावरून बसले, आता आख्यान.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. झांजवाल्याने झांजा उचलल्या, बुवांनी त्याला मानेने थांबवलं.

"मायबापहो," ते म्हणाले, "आज आख्यान नाही. आज एक चूक आहे. पुनवेच्या सकाळी हा असाच हार माझ्या गळ्यात होता. तो देवाच्या पायांशी उतरवायला मी विसरलो. तसाच घरी गेलो, कहवा केला, आणि गमतीने पिंगाण्या बघितल्या. तुम्ही हसलात, मीही हसलो. सगुणेच्या पिंगाणीत मी तिला गलबत दाखवलं. म्हणालो, तोंड घराकडे आहे. तिथे गलबत नव्हतं. कॉफीचा गाळ होता. तिचं मन राखायला मी ते बोललो. हे मी तिला घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, हार घालून बोललेला शब्द हार न घालता परत घेता येत नाही. तिचं बरोबर आहे. म्हणून आज हार घालून सांगतो. मी खोटं बोललो."

एक तान्हं रडलं, त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं.

सगुणा उठून उभी राहिली. कीर्तनात मध्येच कोणी उठत नाही, आणि बायकांनी तर नाहीच. मालनने तिचा पदर ओढला, तिने सोडवून घेतला.

"मंग आता सांगा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता हार हाये. आता खरं सांगा. माजा पोर्‍या जिता हाये का नाय?"

बुवांनी मालनकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. 'नाही' हा एक शब्द होता. तो उच्चारला, की पोरीची आठ वर्षं सुटत होती, आणि तो बहुधा खराही होता. अण्णा खांबापाशी पुढे झुकले होते. त्यांच्या ओठांवर तो शब्द बुवांना स्पष्ट दिसत होता.

"मला ठाऊक नाही," बुवा म्हणाले.

"नारदाला पन?"

"या गादीवर उभं राहून मला जे सांगता येतं ते देवाचं नाव, सगुणे. पाण्यापलीकडचं मला दिसत नाही. आधीही कधी दिसलं नाही. दिसतं असं तुम्हांला वाटत गेलं आणि मी वाटू दिलं, तोही माझाच दोष."

मागून कोणीतरी कुजबुजलं. दोन माणसं उठून गेली. त्यांच्या वहाणांचा आवाज पायऱ्यांवरून उतरत गेला. सगुणा तशीच उभी. तिची नजर बुवांवरून मारुतीवर गेली, तिथून खाडीकडच्या उघड्या दारावर, तिथून परत.

"देव सांगत नाय," ती हळू म्हणाली. "तुमाला ठाव नाय. पंचांना बी नाय, उरनच्या लोकांनी फल्या बघल्या, मानूस नाय बघला. म्हंजी कोनालाच ठाव नाय." तिने पदर डोक्यावर नीट घेतला. "मंग कोनतरी बोलाया पायजे. आई हाये मी. मीच बोलते."

पण ती बोलली नाही. ती मालनच्या शेजारी खाली बसली आणि सुनेचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला. मग ती म्हणाली, "राघोला आत बलव. उन्हान कशाला उभा हाये."

बुवांनी हार उतरवला, मारुतीच्या पायांशी ठेवला आणि ते आरतीला थांबले नाहीत.

* * *

अवसेला सकाळी सांगावा आला, की सगुणेने बुवांना खाडीवर बोलावलं आहे. बायजाबाईंनी झांजा त्यांच्या हातात दिल्या. "न्या," एवढंच म्हणाल्या.

ओहोटी लागली होती. चिखलात कांदळाची झाडं उघडी पडली होती. काठाच्या कोरड्या जागी पळसाची पानं देठांनी गुंफून माणूस घातला होता. डोक्याच्या जागी नारळ. राघो आणि पाड्यातल्या चौघांनी आदल्या दिवशी शिळफाट्याच्या रानातून पानं आणली होती. जोशीबुवांनी मंत्र म्हटले. सगुणेने पुतळ्याच्या अंगावर काळुरामचा सदरा घातला. चार वर्षं तो तिने दर पुनवेला धुऊन वाळवला होता. गुंड्या तिने एकेक करून लावल्या. शेवटची गुंडी मालनने लावली. मग मालनने आपलं कुंकू पुसलं, आणि कोणी रडलं असेल तर ते त्या वेळी रडलं.

महिपतबुवा मागे उभे होते. त्या एकादशीनंतर त्यांच्याकडे कोणी कहव्याला आलं नव्हतं. देवळात पुढचं कीर्तन कोणाचं, हेही पुजाऱ्याने विचारलं नव्हतं. आपल्याला का बोलावलं ते त्यांना कळत नव्हतं.

जाळ लागला. ओली पानं आधी धुमसली, मग एकदम पेटली. सगुणा वळली.

"बुवा, पुढं या."

ते पुढे झाले. काय सांगावं? आत्मा अमर आहे, देह वस्त्रासारखा आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बारा वर्षं तेच तर सांगितलं. ते कंठापर्यंत आलं.

"आज अर्थ सांगू नका," सगुणा म्हणाली. "नुसतं नाव घ्या."

बुवांनी झांजा छातीशी धरल्या. पहिल्या टाळाला आवाज फुटला, दुसऱ्याला सावरला. "जय जय राम," ते म्हणाले, "जय जय राम." पाड्यातल्या बायकांनी धरलं, मग राघोने, मग चौघांनी. जोशीबुवाही ओठ हलवू लागले. गजर चढला, पुढे-मागे हेलकावे घेऊ लागला.

तेव्हा बुवांच्या कानाला काहीतरी वेगळं लागलं. त्यांनी डोळे उघडले. सगुणा जाळाकडे बघत, टाळ्या वाजवत, सगळ्यांच्या बरोबर म्हणत होती, पण ती म्हणत होती, "कालुराम, कालुराम." तालात, सुरात, जराही न चुकता.

राघोने चमकून बुवांकडे पाहिलं. हे थांबवायचं का, असं त्याच्या नजरेत होतं. बुवांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी झांजांची लय थोडी संथ केली, तिच्या श्वासाला पुरेल इतकी, आणि जाळ खाली बसेपर्यंत ती तशीच धरून ठेवली.